शांत मुलाचं बक्षीस

शनिवारी आमच्याकडे दुपारची जेवणं लवकर उरकायची, कारण शनिवारी मंडळ असायचं. मंडळाचं कागदावरचं नाव 'शेजारधर्म भगिनी समाज' असं भारदस्त होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आमचा टांगेवालासुद्धा 'शनवारचं मंडळ' म्हणायचा. आई त्या मंडळाची सेक्रेटरी होती. ताटात भाकरी, शेंगांची चटणी आणि दही एवढंच असायचं, तेही ती अर्धं टाकून उठायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. पाटावर बसल्याबसल्या ते म्हणायचे, "निघाल्या सेक्रेटरीणबाई. आता सोलापूरचं कसं चांगलं होणार बघा." आई म्हणायची, "तुम्ही आधी भाकरी संपवा." हे संभाषण दर शनिवारी व्हायचं. त्यात एक अक्षर बदललेलं मला आठवत नाही, आणि आज त्या घरातलं काही परत मिळणार असेल तर मी आधी तेच मागेन.

मंडळाची सभा सुरू व्हायची ती सभासदवृत्तानं. कुणाचे यजमान मामलेदार झाले, कुणाची सून बाळंतीण होऊन होटगीहून परत आली, कुणी नवा ग्रामोफोन घेतला, हे सगळं अध्यक्षीणबाई वाचून दाखवायच्या आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. अध्यक्षीणबाई शहरातल्या बड्या वकिलांच्या पत्नी. आम्ही त्यांना वकीलीणबाईच म्हणायचो. अंगानं भरलेल्या, नाकात ठसठशीत नथ, बोलणं गोड, आणि स्वतःच्या गोड बोलण्यावर स्वतःच खूश. टाळ्या आटोपल्या की समाजकार्य. स्टेशनच्या रस्त्याला पाणपोई होती, गरीब मुलींसाठी शिवणवर्ग होता, उन्हाळ्यात हमालांना ताक वाटायचं असायचं. त्यासाठी पैसे लागत, म्हणून शेंगापोळ्या आणि चटणी करून विकायची. घरोघरच्या बायका दुपारभर शेंगदाणे कुटत बसत, आणि आमच्या गल्लीत त्या खलबत्त्यांचा आवाज मागांच्या खटखटीत मिसळून जायचा. मी चेष्टा करतेय असं वाटेल. करतेच आहे. पण त्यातल्या निम्म्या बायकांना त्या शनिवारखेरीज घराचा उंबरठा ओलांडायला दुसरं निमित्त नव्हतं, हेही खरं आहे. चेष्टा करणं मला आता या वयात सोपं जातं, एवढंच.

आईचं काम मात्र निराळं होतं. तिनं आमच्या पुढच्या पडवीत पाळणाघर काढलं होतं. आमच्या मागच्या आळीत सगळी तेलुगू विणकरांची वस्ती. घरात माग, आणि घरातल्या बायका मिलमध्ये रिळाच्या खात्यात. पहाटेचा भोंगा झाला की त्या धावत सुटायच्या. तान्ही पोरं घरी म्हाताऱ्यांच्या हवाली. म्हाताऱ्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यांना पोरं सांभाळायला हात रिकामे कुठले? म्हणून पोरांना गोळी. बाळगोळी म्हणत. मोहरीएवढी अफूची काळी गोळी सकाळी आईच्या दुधात चोळून चाटवली की पोर झोळीत पडायचं ते आई परत येईपर्यंत. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. गैर काय वाटायचं? आजीनं आईला दिली होती, आईनं मुलीला दिली. पोर रडत नव्हतं, मागावरचं काम चालू राहत होतं. फक्त त्यांचे हातपाय काडीसारखे राहायचे, पोट पुढं यायचं, आणि पहिल्या खोकल्याला ती जायची.

आईला हे सहन व्हायचं नाही, याला कारण होतं. माझ्या पाठीवर तिला दोन मुलगे झाले आणि दोघेही तान्हेपणीच गेले. गोळीनं नव्हे, तापानं. पण दुसरा गेला तेव्हा माझी आजी सगळ्यांदेखत तिला म्हणाली होती, "तुझ्याच दुधात खोट. तूच मारलंस." आईनं हे मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, मान वर न करता. मग म्हणाली, "लोक दृष्ट म्हणाले, कुणी करणी म्हणाले, त्याचं काही वाटलं नाही गं. पण ते एक वाक्य अजून छातीत आहे." तिचं माहेर अक्कलकोटचं, घरात निम्मं कानडी, देवदेवस्की भरपूर. तरीही दृष्ट, तीट, मीठमोहऱ्या या गोष्टींचा तिला भयंकर तिटकारा. पाळणाघरात पोर आलं की ती आधी ओल्या फडक्यानं त्याच्या गालावरचं काजळाचं बोट पुसून टाकायची. म्हणायची, "हिच्या गालाला काही झालेलं नाही. हिला दूध कमी पडतंय."

माझी तेव्हा शाळा सुटली होती आणि लग्न ठरत नव्हतं. म्हणजे मी घरातली रिकामी मुलगी. आईनं मला पाळणाघराला जुंपलं. झोळ्या बांधायच्या, लंगोट वाळत घालायचे, गाईच्या दुधात पाणी घालून उकळायचं, आणि दुपारच्या सुट्टीत आया पाजायला धावत आल्या की दार उघडायचं. त्या आल्या की छाती दुधानं भिजलेली, डोक्यात कापसाचं भुसकट. नरसव्वा त्यातलीच एक. काळी, उंच, हसली की सगळे दात दिसायचे. तिची आधीची पोरं जगली नव्हती. ही धाकटी लच्ची जगली होती, पण कशी, तर गोळीवर. पहिल्या दिवशी तिनं लच्चीला माझ्या हातात दिलं तेव्हा ते पोर डोळे अर्धे मिटून माझ्याकडे बघतही नव्हतं. नरसव्वा आईला म्हणाली, "बाई, ही लई शानी हाय. आवाज म्हनून न्हाय. तुमास्नी काई तरास न्हाय द्यायची." आई म्हणाली, "मला त्रास दिलेला चालेल. उद्यापासून गोळी बंद."

गोळी बंद झाली आणि आमची पडवी म्हणजे नरक झाला. गोळी सुटलेलं पोर कसं रडतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. ती भुकेनं नाही, दुखतंय म्हणून नाही, नुसती अंगाची तार होऊन रडायची. जुलाब व्हायचे, दूध ओकायची, डोळ्याला डोळा नाही. शेजारचे जोशी येऊन विचारून गेले की कोणी मारतंय का. नरसव्वाची सासू, राजव्वा, तोंडात तंबाखूचा बार धरून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मारता का काय पोरीला, बामनीन? एक गोळी द्या की ओ, गप पडंल." तंबाखूची आणि गोळ्यांची चंची कमरेलाच असायची तिच्या. आई तिला आत येऊ द्यायची नाही. मी लच्चीला खांद्यावर टाकून पडवीत येरझाऱ्या घालायची, पाय भरून यायचे, आणि तिच्याबरोबर मीही रडायची. आणि मग एका सकाळी ती थांबली. माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती, ती उठली, आणि माझी वेणी दोन्ही हातांनी धरून ओढली. जोरात. मी ओरडले तर हसली. पहिल्यांदा हसली ती.

त्यानंतरची लच्ची ही दुसरीच मुलगी. रांगायची, चुलीकडे धावायची, पितळी पळी घेऊन ताट बडवायची, कावळा दिसला की ओरडायची. भाकरीचा पापुद्रा हिरड्यांनी चावून चावून त्याचा लगदा करायची आणि तो अण्णांच्या धोतराला पुसायची. अण्णांना तिचं भारी कौतुक. म्हणायचे, "एवढी दंगेखोर मुलगी वस्तीत दुसरी नसेल." आणि आई हे वाक्य सभेत सांगायची. नरसव्वा दुपारी आली की आधी दारातून हाक मारायची, "एऽ लच्ची!" आणि आतून पोर किंचाळायचं. मग नरसव्वा आईच्या पायाकडे हात न्यायची आणि आई पाय मागं घ्यायची. तेवढे महिने आई खूश होती. मी तिला तशी आधी पाहिली नव्हती आणि नंतर तर नाहीच.

आता बालप्रदर्शनाचं सांगते. ही कल्पना मंडळाचीच. दरसाल चैत्रात शाळेच्या आवारात मांडव घालायचा, गरीब वस्तीतल्या आयांना मुलं घेऊन बोलवायचं, डॉक्टरीणबाईंनी मुलं तपासायची, तोलायची, आणि वजनदार मूल, स्वच्छ मूल अशी बक्षिसं द्यायची. यात वाईट काही नव्हतं. पण पहिल्या वर्षी झालं काय, तर पाहुणीबाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि मांडवातली झाडून सगळी पोरं एकदम रडायला लागली. भाषणाचं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. वकीलीणबाईंना ते फार लागलं. त्यांनी पुढच्या वर्षी आपल्या कैलासवासी सासूबाईंच्या स्मरणार्थ एक चांदीची वाटी ठेवली. कशासाठी? तर 'सर्वांत शांत व सुस्वभावी मूल' यासाठी. आणि खरंच, त्या वर्षी मांडव कसा गप्प होता! एक पोर तर बेंडबाजा वाजत असताना आईच्या मांडीवर गाढ झोपलेलं. त्याला वाटी मिळाली. सगळ्या म्हणाल्या, किती गुणाचं बाळ. मीही म्हणाले असेन.

डॉक्टरीणबाई मात्र पुढच्या सभेत उठल्या. कृश बाई, खादीचं पांढरं पातळ, बोलणं कायम तुसडं. म्हणाल्या, "निरोगी मूल दुपारी बाजा वाजताना झोपत नाही. तुम्ही वाटी कुणाला दिलीत कळतंय का? अफूला दिलीत. हे बक्षीस बंद करा." सभेत कुणीतरी हसलं. वकीलीणबाईंचा चेहरा उतरला, आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सासूबाईंचं स्मारक आम्ही अफूसाठी ठेवलं म्हणायचं का?" झालं. स्मारकाला हात कोण लावणार? शिवाय पाळणाघराचं दूध वकिलांच्या घरूनच यायचं. आई उठली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणाली, "राहू दे ते बक्षीस. आपण आयांना नीट समजावून सांगू." घरी येताना टांग्यात मी तिला विचारलं तर म्हणाली, "सगळ्याच लढाया एकदम होत नाहीत, कुसू." तिनं खरोखरच समजावलं. आळीत घरोघर जाऊन सांगितलं की प्रदर्शनाच्या दिवशी कुणी गोळी द्यायची नाही. बायका माना डोलवायच्या. "व्हय बाई, व्हय बाई."

त्यानंतरच्या वर्षीच्या प्रदर्शनाला कलेक्टरसाहेबाची मड्डम येणार होती. तिच्या मनात आलं तर म्युनिसिपालिटीची एक मोकळी पडलेली खोली पाळणाघराला मिळेल, असं वकीलसाहेबांनी सांगितलेलं. आईच्या डोक्यात त्या खोलीशिवाय काही नव्हतं. पडवीत दहाबारा पोरं मावत, खोलीत पन्नास मावली असती. सकाळपासून मांडवात उकाडा, माणसांची गर्दी, पन्ह्याच्या हंड्यांभोवती माश्या. मी पन्ह्यापाशी. पलीकडे पत्र्याच्या आडोशाला डॉक्टरीणबाई पोरं तोलत होत्या. नरसव्वा लच्चीला नवं परकर-पोलकं घालून घेऊन आली. बाजूला राजव्वा, कमरेला चंची. लच्चीला तराजूच्या गार पारड्यात ठेवलं मात्र, तिनं असा टाहो फोडला की बाजावाले वळून बघायला लागले. पारड्यातून उठून बसली, डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याला हात घातला. डॉक्टरीणबाई मी जन्मात पहिल्यांदा हसताना पाहिल्या. म्हणाल्या, "ही बघा. हिला म्हणतात मूल."

नेमक्या तेव्हाच वकीलीणबाई तिथं आल्या. मड्डमेच्या येण्याची वेळ झालेली, त्या घामाघूम. म्हणाल्या, "ही तुमच्याच पाळणाघरातली ना? अहो, मड्डमेनं हे बघितलं तर काय म्हणेल? हेच वळण लावता का तुम्ही?" आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती नरसव्वाकडे वळली आणि म्हणाली, "जा गं, हिला जरा गप्प कर. मड्डम जाईपर्यंत तरी. माझी लाज आहे तुझ्या हातात." एवढंच. कुणीही म्हणेल असं वाक्य. मीसुद्धा माझ्या मुलांना लग्नकार्यात शंभरदा म्हणाले असेन. नरसव्वानं मान हलवली, लच्चीला काखेत मारलं आणि सासूला घेऊन लिंबाच्या झाडाकडे गेली. मी पन्ह्याच्या वाट्या भरत होते. मला वाटलं पाजायला गेली.

डॉक्टरीणबाईंना मध्येच एका अडलेल्या बाळंतिणीकडून बोलावणं आलं. टांगा दाराशीच आलेला. त्या गेल्या. मड्डम आली, स्वागतपद्य झालं, वकीलसाहेबांचं भाषण झालं, मुलींनी टिपऱ्या खेळल्या. टिपऱ्यांचा, हार्मोनियमचा, टाळ्यांचा एवढा कल्ला. मग बक्षिसं. शेवटी शांत मुलाचं. मड्डमेनंच बोट दाखवलं, पुढच्या रांगेत, नरसव्वाच्या मांडीकडे. "दॅट वन." लच्ची झोपली होती. नरसव्वा व्यासपीठावर गेली, वाटी घेतली, आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल तर आईकडे बघितलं. सगळे दात दिसत होते तिचे. टाळ्या वाजल्या. वकीलीणबाई आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलं की होतं." आणि मी पन्ह्याची वाटी तशीच खाली टाकली, कारण लच्ची असल्या आवाजात झोपणारी मुलगी नव्हती. मी वर धावले. नरसव्वाच्या हातातून तिला घेतलं तर मान मागं पडली. ओठ जांभळे. मी हाक मारली, "लच्ची, एऽ लच्ची." आईनं नुसतं माझं तोंड बघितलं आणि टांगा आणायला ओरडली.

डॉक्टरीणबाईंना त्या बाळंतिणीच्या घरून तसंच आमच्या पडवीत आणलं. त्यांनी पापणी उघडून बघितली, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या. मग गार पाण्याचे फडके, तळव्यांना चिमटे, चमच्यानं कडक कॉफी. तिला उचलून फिरवा, झोपू देऊ नका. मी त्याच पडवीत पुन्हा येरझाऱ्या घालत होते, आणि या खेपेला तिनं रडावं म्हणून हातापाया पडत होते. राजव्वा दारात बसून सांगत होती, "निम्मीच दिली की ओ. पैल्यासारकी पुरी बी न्हाय. निम्मीच." डॉक्टरीणबाई तिच्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "सवय मोडली होती हिची. तुम्ही मोडलीत. सवय मोडलेल्या जिवाला निम्मीसुद्धा जास्त होते." त्यात दोष देणं नव्हतं, त्या नुसतं कारण सांगत होत्या. पण आई भिंतीला टेकली. लच्ची श्वास घ्यायची, मग कितीतरी वेळ घ्यायची नाही, आणि आम्ही सगळ्या बायका वाट बघत राहायचो. दिवेलागणीच्या सुमाराला वाट बघणं संपलं. नरसव्वा ओरडली नाही. तिनं लच्चीचं पोलकं सारखं केलं आणि आईला विचारलं, "बाई, मड्डम रागावली न्हाय न्हवं?"

शनिवारी मंडळ भरलं. नेहमीप्रमाणं आधी सभासदवृत्त. कुणाच्या चिरंजीवांना मुंबईत नोकरी लागली, टाळ्या. कुणाच्या नणंदेचं लग्न जमलं, टाळ्या. मग बालप्रदर्शनाचा अहवाल: समारंभ अत्यंत शांततेत पार पडला. आई उठली. म्हणाली, "लक्ष्मी नावाचं एक मूल त्या समारंभात गेलं. तिच्यासाठी दुखवट्याचा ठराव मांडते." वकीलीणबाईंचे डोळे भरून आले होते, खरंच भरून आले होते, मी खोटं बोलणार नाही. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, ठराव सभासदांच्या घरचाच होतो हो आपल्याकडे. आणि हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी कोण आणेल मुलं?" आई उभीच राहिली. कुणी अनुमोदन दिलं नाही. मी तिथं पाणी द्यायला असायची, मला मत नव्हतं. असतं तर तांब्या फेकून मारला असता. या गोष्टीला एवढी वर्षं झाली, तरी टाळ्यांचा आवाज आला की माझं डोकं फिरतं. नातवंडांच्या शाळेतसुद्धा मी बाहेर जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं आजीला उकडतंय.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "मंडळ गेलं खड्ड्यात. तुम्ही आळीत जा. नरसव्वाच्या घरी आज सगळ्या बायका जमणार आहेत. तिथं सगळ्यांसमोर सांगा की पोरगी गोळीनं गेली. आत्ता ताजं आहे, आत्ता ऐकतील. परत ऐकणार नाहीत. यातून आणखी पोरं वाचतील." आई म्हणाली, "आणि नरसव्वा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिचं मूल गेलंच आहे. दुसऱ्यांची आहेत अजून." मग आई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. जाते मी." तिनं तोंड धुतलं, पातळ बदललं, आणि मला बरोबर घेतलं. वाटेत ती तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होती. मला ऐकू येत होतं. गोळी वाईट. गोळीनंच गेली. कुणी देऊ नका.

नरसव्वाच्या घरात माग बंद होता. मागाच्या खड्ड्याच्या कडेनं बायका दाटीवाटीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पोर, आणि सगळी पोरं गुंगीत. नरसव्वा भिंतीशी. तिचं दूध अजून येत होतं, चोळी भिजली होती, ती पदरानं झाकायचंही तिला सुचत नव्हतं. राजव्वा म्हणाली, "दिष्ट लागली की पोरीला. एवडी मान्सं, गोरी मड्डम बोट दावून गेली. तीट बी पुसून टाकत हुत्या ह्या." बायका हुंकारल्या. आई खाली बसली. बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात नरसव्वानंच मान वर केली. "बाई, एक इचारू? खरं सांगा, तुमी खोटं बोलत न्हाय कदी. मी माज्या हातानं दिली गोळी. तुमची लाज जाऊ ने म्हनून दिली. त्या गोळीनं तर गेली न्हाय ना ओ माजी लच्ची? मीच तर न्हाय ना मारली?"

सगळी आळी आईकडे बघत होती. मी आईच्या मागे बसले होते, मला तिची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ होती, मग हळूहळू वाकली. मला माहीत होतं ती काय सांगायला आली आहे. तिलाही माहीत होतं की ते सांगायची दुसरी वेळ येणार नाही. आणि आई म्हणाली, "नाही गं. गोळीनं नाही गेली. तू काही केलं नाहीस." आणि पुढं म्हणाली, "दृष्टच लागली तिला. माझीच लागली. माझी दोन्ही टिकली नाहीत, आणि मी रोज तुझ्या पोरीला डोळे भरून बघत होते. माझीच दृष्ट लागली."

नरसव्वानं तिच्या मांडीवर डोकं घातलं आणि तेव्हा कुठं ती रडली. मोठ्यानं, गळा फाडून. बाकीच्या बायका मात्र एकेक करून उठल्या. जाताना त्यांनी पोरांच्या तोंडावर पदर ओढून घेतले.

डॉक्टरीणबाईंना हे आळीतूनच कळलं. त्या पुन्हा आमच्या घरी आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर मला म्हणाल्या, "तुझ्या आईनं एका बाईला वाचवलं. पोरं किती घालवली ते मी मोजत बसणार नाही." मला त्यांचा राग आला. पण त्यांचं खोटं नव्हतं. आई ते बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पडवीत एकही पोर आलं नाही. झोळ्या मी काही दिवस तशाच टांगून ठेवल्या, मग सोडून धुतल्या. आळीत गोळी चालू राहिली, ती मी सासरी जाईपर्यंत चालूच होती, आणि मी अधूनमधून माहेरी आले की नरसव्वा सांगायची, हिचं पोर गेलं, तिचं गेलं. म्युनिसिपालिटीची खोली मंजूर झाली. तिथं शिवणवर्ग भरू लागला. आईनं सेक्रेटरीपण सोडलं. वकीलीणबाईंनी तिच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आई बाजारात निघाली की आळीतल्या बायका पोरांना आत घ्यायच्या. सुरुवातीला ती थांबून काहीतरी बोलायला बघायची. नंतर मान खाली घालून जायची. पुढं पुढं तर लांबच्या रस्त्यानं जायला लागली. अण्णा तिला समजावत, "अगं, तूच सांगितलंस त्यांना. तुला तर ठाऊक आहे ना खरं काय ते?" ती म्हणायची, "ठाऊक आहे." सुरुवातीला ठामपणे म्हणायची. नंतर नुसती मान हलवायची.

माझा पहिला मुलगा झाला तो माहेरीच. सुईणीनं त्याला पुसून माझ्या कुशीत दिलं. आई खोलीच्या बाहेर होती. मी हाक मारली, "आई, ये ना, बघ तरी." ती दारापर्यंत आली, आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं रडतेय. पण ती रडत नव्हती. हातात काजळाची डबी होती. ती तिनं न बघताच सुईणीकडे सरकवली आणि म्हणाली, "आधी तीट लावा. आणि तू झाक त्याला, कुसू. मग मी आत येते."

मी झाकलं.